थेरपीची फी आणि बिलावर न छापलेला आकार

मुंबई-पुण्यात खाजगी समुपदेशनाचं एक सेशन पंचेचाळीस ते साठ मिनिटांचं असतं आणि त्याला साधारण 1000 ते 2500 रुपये पडतात. नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले सहा-आठशेतही बसतात, नाव झालेले 3000 च्या पुढे जातात. आठवड्याला एक धरलं तर 1500 वाल्याकडे महिन्याचे 6000. हा हिशेब सगळे करतात. त्या 6000 पैकी किती रुपये आपण कोण आहोत हे समोरच्याला पटवण्यात जाणार, हा हिशेब मात्र राहून जातो.

एखादी मुलगी ब्रेकअपचं दुःख घेऊन गेली, आणि ब्रेकअप मुलीशी झाला म्हटल्यावर पहिलं अख्खं सेशन ‘हे कधीपासून वाटतं, लहानपणी काही झालं होतं का’ यात गेलं. किंवा कुणी ऑफिसात आडनावावरून चालणाऱ्या कुजबुजीबद्दल बोलू लागला आणि समोरून आलं, ‘आता कुठे राहिलंय हो ते सगळं? तुम्ही मनाला फार लावून घेता.’ अशी तीन सेशनं गेली की 4500 रुपये गेले, आणि शिकवणी झाली ती थेरपिस्टची. विजेच्या बिलातल्या ‘इतर आकारा’सारखाच हा आकार, फक्त तो बिलावर छापलेला नसतो.

हा आकार टाळायचा तर अफर्मेटिव्ह थेरपिस्ट शोधावा लागतो. अशा माणसाच्या लेखी तुमची जात, धर्म, लिंगभाव किंवा कुणाविषयी वाटणारं आकर्षण हा आजार नसतो. त्यावरून घरात, कॉलेजात, नोकरीत जे सोसावं लागतं ते मात्र दुखण्याच्या मुळाशी असू शकतं, हे तो धरून चालतो. ‘मी सगळ्यांना सारखंच वागवतो’ हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण पुरेसं नाही. सगळे सारखं सोसत नाहीत.

आधी पदवी बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक हवा. तो मागायला संकोच नको. परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळताही येतो. ‘काउन्सेलर’ या पाटीचं तसं नाही. एमए करून अनेक वर्षं मन लावून काम करणाराही ती लावतो आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलाही. तेव्हा पदवी कोणती, विद्यापीठ कोणतं आणि सुपरव्हिजन, म्हणजे कामावर अनुभवी थेरपिस्टची देखरेख, कुणाकडे, हे तिन्ही विचारा. शेवटच्या प्रश्नाला जो अडखळत नाही, तो सहसा बरा निघतो.

पदवीच्या अभ्यासात समलैंगिक किंवा ट्रान्स माणसांबद्दल धड काही शिकवलं गेलं असेलच असं नाही. मुंबईतली मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांसाठी ‘क्वीअर अफर्मेटिव्ह कौन्सेलिंग प्रॅक्टिस’ नावाचा अभ्यासक्रम चालवते. तो केला आहे का, विचारता येतं. जातीच्या बाबतीत इतकं सोपं माप नाही, तिथे बोलण्यावरूनच ओळखावं लागतं.

बोलायची सोय असते. बरेच जण पहिला दहा-पंधरा मिनिटांचा फोन फुकट देतात. तोही नको वाटला तर व्हॉट्सॲपवर सरळ लिहा: ‘नमस्कार मॅडम, मी गे आहे आणि घरी माहीत नाही. अशा क्लायंटबरोबर तुम्ही आधी काम केलं आहे का? सेशन मराठीत होईल का? फी किती आणि कमी होऊ शकते का?’ उत्तर नेमकं आलं तर पुढे जा. ‘आधी या, मग बघू’ आलं तर दुसरा नंबर लावा. मग फॉर्म येतो. त्यात लिंगापुढे दोनच चौकोन, वैवाहिक स्थितीत विवाहित-अविवाहित एवढंच, आणि खाली ‘पालकांचा संपर्क’ सक्तीचा, तोही तीस वर्षांच्या माणसाला! असा फॉर्म बरंच सांगून जातो.

फी कमी करून मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे. अनेक थेरपिस्ट काही जागा उत्पन्नाप्रमाणे फी घेण्यासाठी राखून ठेवतात. ‘मला 700 च्या वर जमणार नाही’ एवढं एक वाक्य पुरतं.

वरखर्चही धरा. औषध लागलं तर मानसोपचारतज्ज्ञ वेगळा आणि त्याची फी वेगळी, कारण सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देत नाही. चाचण्या आणि रिपोर्टचे पैसेही वेगळे. ट्रान्स व्यक्तीला हॉर्मोन किंवा शस्त्रक्रियेसाठी जे पत्र लागतं, ज्याला सगळे ‘जीडी सर्टिफिकेट’ म्हणतात, त्याचा आकार आणि त्याआधी किती सेशनं सक्तीची, हे पहिल्याच फोनवर ठरवून घ्या. ट्रान्स आरोग्यसेवेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या 2022 च्या आवृत्तीनुसार शस्त्रक्रियेला एक पत्र पुरतं. तरी अनेक सर्जन दोन मागतात, तेव्हा आधी सर्जनला विचारा, मग पैसे भरा. आणि जागा! वन बीएचकेत आई स्वयंपाकघरात असताना ऑनलाइन सेशन होत नाही. लोक पार्किंगमधल्या गाडीत बसतात, मैत्रिणीची खोली तासभर मागतात. फी वडिलांच्या खात्यातून जाणार असेल तर पावतीवर काय लिहिलं जाईल तेही विचारून ठेवा.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 21 प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, दर आठवड्याचं समुपदेशन त्यात बसत नाही. ओपीडीचा वेगळा लाभ असेल किंवा कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी काही सेशनं घेऊन ठेवली असतील तर ती आधी वापरा. माहिती एचआरपर्यंत जाते का, एवढं लेखी विचारून.

पैसेच नसतील तर? टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरच्या समुपदेशनाची सेवाही मोफत आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून एलजीबीटी समुदायासाठी काम करतो, तिथे समुपदेशनाची चौकशी करता येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले आहेत. जिल्हा रुग्णालयं आणि ठाणे-येरवड्याची मनोरुग्णालयं त्यात येतात. तिथल्या रांगेत तासभर मन मोकळं करायला मिळेल असं नाही. पण निदान आणि औषधासाठी तिथे जाऊन, वाचलेले पैसे सेशनवर घालणं शहाणपणाचं.

एका बाबतीत मात्र दर विचारूच नका. ‘पोराला नॉर्मल करून देतो’ म्हणून पॅकेज सांगणारा डॉक्टर गाठ पडला, तर लक्षात ठेवा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तक्रार राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे जाते. आरसीआयवाल्याची पुनर्वास परिषदेकडे. वर सांगितलेल्या 2017 च्या कायद्याचं कलम 3 म्हणतं की समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चौकटीत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही, आणि कलम 18 जात, धर्म, लिंग, लैंगिक कल यांवरून उपचारात भेदभाव करायला मनाई करतं. घरच्यांनी ओढत नेलं असेल तर ही दोन कलमं फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

दहा सेशनांचं पॅकेज ‘दोन फुकट’ म्हणून पुढे केलं तरी पहिल्या महिन्यात घेऊ नका. एकेक करून पैसे भरा. आयत्या वेळी रद्द केल्यास, बहुतेक ठिकाणी चोवीस तासांच्या आत, पूर्ण फी लागते. तो नियम आणि मध्येच सोडल्यास उरलेले पैसे परत मिळतात का, हे मेसेजवर लिहून घ्या.