हजाराचा हिशेब

चि. मुक्ता,


तुझ्या आईकडून कळलं, एककांचा दोन पानी तक्ता तू रात्री जागून घोकते आहेस. ग्रेन, ड्रॅम, औंस, सगळंच. ती मापं परीक्षेपुरती वाचून ठेव. आपल्या वॉर्डात त्या मापांत औषध दिलं जात नाही.

तोंडपाठ हवं ते थोडंच आहे. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, १ लिटर म्हणजे १००० मिली. आणि १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, म्हणून २ टक्के लिग्नोकेनच्या दर मिलीत २० मिलिग्रॅम. पाढ्यांसारखं हे रात्रपाळीतही न अडखळता आलं पाहिजे.

मुली अडकतात त्या गुणायचं की भागायचं इथे. मोठ्या एककातून लहानात उतरलं की आकडा वाढतो, एवढं धरून चाल. डिगॉक्सिनची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. उत्तर आलं की लगेच लिहू नकोस. त्यासाठी किती गोळ्या, किती अँप्युल लागतील ते बघ. एका डोससाठी सहा अँप्युल फोडाव्या लागत असतील तर तिथेच थांब आणि गणित पुन्हा मांड.

मुलांच्या वॉर्डात तर फारच जपून. पॅरासिटामॉलचं एक सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं असतं, म्हणजे मिलीला २५. त्याच औषधाचे थेंब मिलीला १०० मिलिग्रॅमचे. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ प्रमाणे १५० मिलिग्रॅम द्यायचं, तर सिरप ६ मिली लागेल, थेंब मात्र दीडच मिली. सिरपचा आकडा डोक्यात ठेवून थेंबांची बाटली उचलली, तर बाळाला चौपट औषध जाईल. म्हणून कुणी नुसतं 'इतके मिली दे' म्हणालं तर 'मिलिग्रॅम किती?' असं विचार. सीनियर सिस्टर रागावल्या तरी विचार. लेबल मात्र दर वेळी स्वतः वाच.

इन्सुलिनला तुझा तक्ता लावू नकोस. ते युनिटमध्येच मोजायचं. मिलीला ४० युनिटच्या व्हायलला लाल टोपीची सिरिंज, १०० च्या व्हायलला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढलंस, तर आत २५ युनिट आलेले असतात. पेशंटची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरायला तेवढं पुरतं.

लिहिताना अर्धा मिलिग्रॅम ०.५ असाच लिही, टिंबाआधीचं शून्य गाळू नकोस. आणि १ ला १.० कधीच करू नकोस; टिंब पुसट उमटलं की त्याचे १० होतात.

सलाइनची गणितं रविवारी फोनवर करू. ५०० मिली ४ तासांत, २० थेंबांच्या सेटने, मिनिटाला किती थेंब, हे तोवर सोडवून ठेव. मायक्रो सेटचं एक पाकीटही जवळ ठेव. त्याचा मिलीला ६० थेंबांचा आकडा पाकिटावरच छापलेला असतो.

तुझी,
आत्या