उधारीची वही आणि कर्जदाराचा हक्क

किराणा घेताना दोन-चार रुपये अधिक गेले तर ते विसरून जावे, त्याचा दीनशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. परंतु संपत्ती ही अल्लाहची अमानत आहे. ती कोठून मिळविली आणि कशात खर्च केली, हे दोन्ही प्रश्न कियामतच्या दिवशी विचारले जातील, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. आपण हलाल कमाईची काळजी घेतो. ती कमाई हातातून कशी निसटते, याकडे मात्र क्वचितच पाहतो.

तिवसा तालुक्यातील वर्धाकाठचे कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वत्र परिचित आहे. कार्तिकात तेथे यात्रा भरते. यात्रेत वस्तू महाग मिळणार, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणूनच तेथे लोक भाव विचारतात, घासाघीस करतात, न पटल्यास पुढच्या दुकानी जातात. खरा तोटा होतो तो वर्षभर, गावातल्या नेहमीच्या दुकानी, उधारीच्या वहीत. कापूस आणि सोयाबीनच्या या मुलखात पैसा बारा महिने सारखा येत नाही. पावसाळ्यात अनेक घरे उधारीवर चालतात आणि कापसाचा चुकारा आला की हिशेब होतो. दरम्यान तेल, साखर, डाळ, मिरची कोणत्या भावाने लिहिली गेली, हे विचारण्याचे धाडस होत नाही. विचारले आणि दुकानदाराने उद्या माल नाकारला तर? समजा, अशा न विचारलेल्या भावात रोज वीस रुपये अधिक गेले, तर वर्षाला 7,300 रुपये होतात. मुलांच्या वह्या-पुस्तकांचे, आईच्या औषधाचे पैसे असेच जातात.

शरीअतचा नियम येथे नीट समजून घ्यावा. उधारीवर विकताना रोखीपेक्षा अधिक किंमत सांगणे बहुसंख्य फुकहांच्या मते जायज आहे. मात्र सौदा होतानाच एकच किंमत निश्चित झाली पाहिजे. नंतर पैसे देण्यास उशीर झाला म्हणून ती वाढविली, तर ती वाढ व्याज ठरते. रोज वस्तू नेऊन महिन्याअखेर हिशेब करण्याच्या प्रथेला फिकहमध्ये ‘इस्तिजरार’ म्हणतात. लोकांची गरज लक्षात घेऊन हनफी फुकहांनी तिला परवानगी दिली आहे. पण ही सवलत मनाला येईल तो भाव लिहिण्यासाठी नाही. भाव ठाऊक असावा, किंवा तो प्रचलित बाजारभाव असावा, म्हणजे पुढे तंटा उद्भवत नाही.

आता कुरआनकडे वळू. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल-बकरा, 282) नमाज किंवा रोजाविषयी नसून उधारीच्या नोंदीविषयी आहे. मुदतीचे देणे असेल तर ते लिहून ठेवा, असा तिचा आदेश आहे. पुढे एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे: लिहिणारा न्यायाने लिहील, परंतु मजकूर सांगेल तो ज्याच्यावर देणे आहे तो. तो असमर्थ असेल तर त्याचा पालक न्यायाने सांगेल. आपल्याकडे नेमके उलट घडते. दुकानदार लिहितो, दुकानदारच आकडा ठरवितो, आणि देणेकरी मान खाली घालून उभा राहतो. अल्लाहने ज्याच्या तोंडी हिशेब दिला, त्यानेच मौन पत्करले आहे.

ज्याला हे जमत नाही त्याचे काय? प्रेषित (स.) यांच्या काळात एक सहाबी खरेदी-विक्रीत वारंवार फसत. भाष्यकारांनी त्यांचे नाव हब्बान बिन मुन्किज (रजि.) असे दिले आहे. प्रेषितांनी त्यांना सौदा करताना ‘ला खिलाबा’, म्हणजे ‘फसवणूक नको’, एवढे म्हणण्यास शिकविले; काही रिवायतींनुसार त्यांना तीन दिवसांत सौदा परत करण्याची मुभाही दिली. दुर्बल माणसाला बाजारातून हटविण्याऐवजी त्याला बोलण्यासाठी एक वाक्य दिले गेले. भाव विचारणे ही कंजूषी नव्हे आणि उद्धटपणाही नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

अवाजवी किमतीला फिकहमध्ये ‘गब्ने फाहिश’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या हनफी कायदेसंहितेने सामान्य मालात विसाव्या हिश्शाएवढी, म्हणजे शंभरामागे पाच, तफावत ही त्याची मर्यादा मानली आहे. अशा तफावतीबरोबर फसवणूकही असेल, तर ग्राहक सौदा रद्द करू शकतो. देशाचा कायदाही ग्राहकाच्या पाठीशी आहे. पाकीटबंद मालावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात आणि त्याहून अधिक घेण्यास मनाई आहे. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. सुट्या डाळीवर, मिरचीवर मात्र किंमत छापलेली नसते; तेथे विचारणे हाच उपाय आहे.

आपल्यापैकी जे दुकानदार आहेत त्यांनी सूरह अल-मुतफ्फिफीनचा आरंभ आठवावा. मापात पाप करणाऱ्यांना तेथे कठोर इशारा आहे. गरजवंताच्या मौनाचा भाव लावणे हे त्याहून फार दूर नाही. तसेच ग्राहकांनीही लक्षात ठेवावे की खरेदी, विक्री आणि वसुली यांत सौम्य राहणाऱ्यासाठी प्रेषितांनी रहमतची दुआ केली आहे. भाजी विकणाऱ्या वृद्धेला कोणी जाणूनबुजून पाच रुपये अधिक दिले, तर ती नेकी आहे. नकळत किंवा भीतीपोटी गेलेले पैसे मात्र सदका होत नाहीत.

म्हणून प्रत्येक घरात उधारीची स्वतःची एक वही असावी. माल घेतेवेळीच वजन, भाव आणि तारीख मोठ्याने सांगून दोन्ही वह्यांत लिहावी. दुकानात मुलाला पाठविले तर भाव विचारून येण्यास सांगावे. घरातील शिकलेल्या मुलीने दर आठवड्याला दोन्ही वह्या ताडून पाहाव्यात. आणि चुकारा हाती येताच देणे प्रथम फेडावे. कारण ऐपत असूनही देणे लांबविणाऱ्याला प्रेषितांनी जुलमी म्हटले आहे. जो वेळेवर फेडतो, त्याला भाव विचारताना संकोच वाटण्याचे कारण उरत नाही.

अल्लाह आपल्या देण्या-घेण्यात न्याय आणि बरकत ठेवो. आमीन.