फोडणीचं तेल आणि जनुकांची उघडझाप

प्रश्न : खाण्यातल्या तेला-तुपाचा परिणाम थेट जनुकांवर होतो, असं अलीकडे ऐकलं. जनुकं तर आईवडिलांकडून जन्मतःच मिळतात. मग रोजच्या फोडणीने ती बदलणार कशी? आणि बदलत असतील, तर भरपूर तूप खाऊन वाईट जनुकं सुधारता येतील का?

उत्तर : तुमची पहिली शंका रास्त आहे. तेल शेंगदाण्याचं असो की करडईचं, फोडणीने जनुकं बदलत नाहीत. डीएनएतल्या अक्षरांचा क्रम आईवडिलांनी दिला तोच राहतो. बदलू शकतो तो जनुकांचा वापर. डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीत जनुकांचा संच एकच, सुमारे २० हजारांचा. तरी डोळा पित्त तयार करत नाही, कारण प्रत्येक पेशी त्यातली काही जनुकं उघडी ठेवते आणि बाकीची मिटून टाकते. ही उघडझाप ज्या रासायनिक खुणांनी होते, त्यांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स.

त्यातल्या दोन खुणा इथे कामाच्या. एका पेशीतला डीएनए उलगडला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो मावावा म्हणून रिळावरच्या दोऱ्यासारखा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट चिकटला की गुंडाळी सैल पडते आणि तिथलं जनुक वाचता येतं. दुसरी खूण मिथाइल गटाची. ती खुद्द डीएनएवर बसते आणि जनुकाच्या आरंभी बसली तर बहुधा त्याला गप्प करते.

आता यात तेल कुठून आलं? पेशी मेदाम्लं जाळते तेव्हा त्यांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात. हिस्टोनवर चिकटणारे अ‍ॅसिटिल गट याच तुकड्यांतून मिळू शकतात. मिथाइल गट मात्र तेलातून येत नाहीत; त्यांच्या पुरवठ्याला फोलेट आणि बी-१२ लागतं. तरीही आहारातल्या स्निग्धांशाने त्या खुणाही हलतात, असं माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २१ निरोगी तरुणांना पाच दिवस (म्हणजे आपल्या दिवाळीएवढेच!) गरजेपेक्षा दीडपट उष्मांकांचा आहार दिला. त्यातले ६० टक्के उष्मांक स्निग्ध पदार्थांचे. मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला, तर सहा हजारांहून अधिक जनुकांवरच्या मिथाइल खुणा हललेल्या. सहा ते आठ आठवड्यांनंतरही त्या पूर्ववत झाल्या नव्हत्या. पण घाबरू नका. बदल छोटे होते, आणि खूण हलली की जनुकाचं काम बदललंच, असं नसतं.

स्वीडनमध्ये याहून मजेदार प्रयोग झाला. तरुण मंडळींना सात आठवडे मफिन खाऊ घातले. काहींचे पाम तेलातले, काहींचे सूर्यफुलाच्या तेलातले. वजन दोन्ही गटांत सारखंच वाढलं, साधारण दीड किलो. पण पाम तेलाच्या गटात यकृतात जास्त चरबी साठली, आणि चरबीच्या पेशींतल्या मिथाइल खुणांचे बदलही तेलागणिक वेगळे निघाले.

राहिला तुपाचा प्रश्न. तुपात ब्युटिरिक आम्ल असतं आणि ते हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट काढून टाकणाऱ्या विकरांना अडवतं, हे खरं. तुपाचे भक्त एवढंच सांगून थांबतात. तुपातल्या मेदाम्लांत त्याचा वाटा शेकडा तीन-चारच, आणि तेही बहुतेक वरच्या आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला लागणारं ब्युटिरेट तिथले जिवाणू तंतुमय पदार्थांपासून स्वतः बनवतात. त्या हिशेबाने ज्वारीची भाकरी आणि उसळ तुपाच्या पुढे आहेत.

हे सारं पुढच्या पिढीतही उतरतं का? ऑस्ट्रेलियात नर उंदरांना स्निग्ध आहार दिल्यावर त्यांच्या मादी पिल्लांमध्ये इन्सुलिन स्रवण्याचं काम बिघडलेलं आढळलं होतं, २०१० साली. पण तो उंदरांवरचा प्रयोग. आजोबांच्या भज्यांवर नातीच्या मधुमेहाचं खापर त्याच्या आधारे फोडता येत नाही.

तेव्हा तेल निवडताना कोलेस्टेरॉल आणि यकृत यांचा विचार करा, त्याला भक्कम पुरावा आहे. आणि ‘जनुकं सुधारणारं तेल’ अशी बाटली दुकानात दिसली, तर ती तिथेच राहू द्या.