कोणता लेयर कधी झाकावा: हाताखालच्या पोरांसाठी कानमंत्र

किनवट तालुक्यातल्या रस्त्याचं किंवा पाणीपुरवठ्याचं ड्रॉइंग करायला बसलं की एका शीटवर बघ किती गर्दी होते. गटांच्या हद्दी, वनहद्द, पैनगंगेचा काठ, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेचा रूळ आणि या सगळ्याखाली उपग्रहाचा फोटो. ट्रेसिंग पेपरच्या काळात यातली एकेक रेषा हातानं ओढावी लागे, म्हणून ती विचार करूनच कागदावर यायची. आता जीआयएसचे लेयर इंटरनेटवरून थेट ड्रॉइंगमध्ये उतरतात. ओढण्याचे कष्ट वाचले, पण काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे ठरवण्याची जबाबदारी वाढली. त्यातलं जे कामाला येतं ते सांगतो.

लेयर दिसत नसेल तर आधी झोन बघ. यूटीएम या निर्देशांक पद्धतीचे झोन ४३ आणि ४४ हे ७८ अंश पूर्व रेखांशावर वेगळे होतात आणि ही रेषा आपल्या नांदेड जिल्ह्यातूनच जाते. नांदेड शहर आणि हिमायतनगर झोन ४३ मध्ये, किनवट झोन ४४ मध्ये. झोन ४४ मध्ये किनवटचा ईस्टिंग (पूर्वेकडचा निर्देशांक) साधारण २ लाख मीटरच्या थोडा वर येतो, तर झोन ४३ धरला तर तोच ८ लाख ३५ हजारांच्या आसपास जातो. म्हणजे झोन चुकला की तुझी रेषा फोटोपासून सहाशे किलोमीटरच्या पलीकडे पडते आणि तू लेयर ऑन-ऑफ करत बसतोस. हिमायतनगर ते किनवट असं लांब काम असेल तर पूर्ण कामाला एकच झोन ठरव आणि तो शीटवर लिही.

स्क्रीनवर दिसतं ते कागदावर येईलच असं नाही. ऑटोकॅडचा जिओमॅप सुरू केला की हवाई फोटो, रस्ते किंवा दोन्ही मिळून दिसतात. हा थेट नकाशा प्लॉटमध्ये उमटत नाही. छपाईसाठी हवा तेवढा भाग ‘कॅप्चर एरिया’नं पकडून घ्यावा लागतो. पकडलेला फोटो त्या वेळी चालू असलेल्या लेयरवर बसतो, म्हणून आधी त्याच्यासाठी स्वतंत्र लेयर कर, त्याला नाव दे, मगच पकड. नाहीतर रस्त्याच्या लेयरवर फोटो बसेल आणि फोटो झाकायला गेलास की रस्ताही जाईल. फोटो डोळ्यांत खुपत असेल तर तो काढून टाकू नकोस, त्याचा फेड वाढव. गावात रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे साइटवर निघण्याआधीच लागणारा भाग पकडून ठेव.

ऑफ आणि फ्रीज एक नव्हे. ऑफ केलेला लेयर फक्त दिसत नाही, बाकी तो ड्रॉइंगमध्ये जागाच असतो. ‘ऑल’ म्हणून सगळं निवडलंस तर त्याच्यावरच्या वस्तूही निवडल्या जातात आणि डिलीट दाबलं की न दिसता जातात. फ्रीज केलेल्या लेयरवरच्या वस्तू अशा निवडल्या जात नाहीत आणि ड्रॉइंग पुन्हा रेखाटलं जाताना (रीजेन) त्यांचा भारही पडत नाही. क्षणभर नजरेआड करायचं तर ऑफ, काम संपेपर्यंत बाजूला ठेवायचं तर फ्रीज. स्क्रीनवर हवं पण छापायला नको असेल तर लेयरच्या ओळीतलं प्रिंटरचं बटण बंद कर.

एका फाइलमधून अनेक शीट काढ, अनेक फाइली करू नकोस. भूसंपादनाच्या शीटवर गट दिसले पाहिजेत, पुलाच्या शीटवर नदी. त्यासाठी लेआउटमधल्या त्या त्या व्ह्यूपोर्टमध्ये शिरून ‘व्हीपी फ्रीज’ वापर. एका व्ह्यूपोर्टमध्ये लेयर झाकला तरी दुसऱ्यात तो शाबूत राहतो. जिओमॅपही प्रत्येक व्ह्यूपोर्टला वेगळा लावता येतो. लेयरची जुळणी एकदा मनासारखी झाली की लेयर स्टेट म्हणून साठव.

प्लगइनचा लेयर दोन ठिकाणी तपास. आर्कजीआयएस फॉर ऑटोकॅडमधून आलेला नकाशा चित्र म्हणून बसतो, फीचर लेयर मात्र रेषा आणि बिंदू होऊन येतो. दिसेना झाला तर प्लगइनची यादी बघ आणि ऑटोकॅडची लेयर यादीही बघ. तरीही दिसत नसेल तर झूम कर. सर्व्हिस चालवणाऱ्यानं ठराविक स्केलच्या आतच लेयर दिसावा असं ठरवलेलं असू शकतं. गटांच्या बारीक हद्दी बहुतेकदा जवळ गेल्यावरच उघडतात.

दोन लेयर कधीच सोयीसाठी झाकू नकोस. पहिला वनहद्दीचा. आपला तालुका जंगलाचा आहे. १९८० च्या वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियमानं वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्र सरकारची आधी मंजुरी लागते. शीट स्वच्छ दिसावी म्हणून वनहद्द झाकली तर अडचण मिटत नाही, काम सुरू झाल्यावर ती जागेवर उभी राहते. दुसरा पूररेषेचा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. उन्हाळ्यातल्या फोटोत पैनगंगेचं पात्र आक्रसलेलं दिसतं. त्या पाण्याच्या कडेला नदीची हद्द समजून रेषा ओढू नकोस. पूररेषा जलसंपदा विभागाकडूनच घे.

थेट आलेली हद्द ही मोजणी नव्हे. गटाचा लेयर दिशा दाखवतो, बांध ठरवत नाही. शेतकऱ्याची जमीन जाणार असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि तिची क प्रत हाच आधार. अशा लेयरचा रंग फिका ठेव आणि शीटवर ‘फक्त संदर्भासाठी’ असं लिही.

तारीख लिहिल्याशिवाय शीट बाहेर देऊ नकोस. थेट लेयर आज एक दाखवतो, सहा महिन्यांनी दुसरं. नकाशा कुठल्या सर्व्हिसमधून घेतला, कधी पकडला, कोणते लेयर झाकले आहेत, हे टायटल ब्लॉकजवळ तीन ओळींत मांड. उद्या साहेबांनी विचारलं किंवा गावकरी शीट घेऊन दारात आले, तर उत्तर कागदावरच असेल.

तुझ्या शीटवरून कुणाचं शेत जातं, कुणाच्या वस्तीला रस्ता मिळतो. म्हणून लेयर झाकताना प्रत्येक वेळी स्वतःला विचार, हा झाकल्यानं शीट वाचायला सोपी होते आहे की खरी गोष्ट लपते आहे? लपत असेल तर तो लेयर उघडाच ठेव.