बॅटरी काढून लॅपटॉप चालवावा काय?

शाळांना भेटी देत असता एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. कार्यालयातील टेबलावर लॅपटॉप चालू असतो, त्याची तार भिंतीवरील प्लगात असते आणि त्याची बॅटरी मात्र फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलेली असते. विचारणा केली असता उत्तर ठरलेले असते, "सतत चार्ज होऊन बॅटरी बाद होते, म्हणून जपून ठेवली आहे." शाळेच्या वस्तूविषयी ही काळजी कौतुकास्पद खरीच. परंतु या काळजीमुळे बॅटरी वाचते काय, आणि वाचत असल्यास ती कोणत्या किमतीस, याचा विचार शिक्षकबंधुभगिनींनी अवश्य करावा.

प्रस्तुत लेखकानेही मुख्याध्यापक असताना हेच केले होते. १ मे रोजी निकाल लावावयाचा होता. ३० एप्रिलच्या दुपारी बॅटरीविना लॅपटॉपवर गुणपत्रके तयार होत होती. वळवाच्या पावसाचे वारे सुटले आणि वीज गेली. ती दोनच क्षणांत परतलीही. परंतु लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. पुन्हा चालू केल्यावर गुणपत्रकांची फाइल उघडेना. रात्रभर जागून, कच्च्या वह्यांवरून गुण पुन्हा भरावे लागले. सकाळी ध्वजवंदन आटोपून मुले ओळीत उभी राहिली, तेव्हा दोन वर्गांची प्रगतिपुस्तके तयार नव्हती. ती मुले रिकाम्या हातांनी घरी गेली. बॅटरी कपाटात सुरक्षित होती!

आता या यंत्राची अंतर्गत व्यवस्था पाहू. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. अडॅप्टर तिचे रूपांतर सुमारे १९ ते २० व्होल्टच्या दिष्ट विजेत करतो. लॅपटॉपमध्ये शिरल्यावर ही वीज दोन कामे करते. एक यंत्र चालविणे व दुसरे बॅटरी भरणे. बॅटरी पूर्ण भरली की आतील नियंत्रक मंडल चार्जिंग थांबविते आणि यंत्र अडॅप्टरवरच चालू राहते. गच्चीवरील टाकी भरली म्हणजे तरंगणारा चेंडू वर येऊन नळ बंद होतो, तशातलाच हा प्रकार होय. तेव्हा प्लग लावून ठेवल्याने बॅटरीत वीज कोंबली जाते, ही समजूत निराधार आहे.

तथापि त्या समजुतीत सत्याचा एक अंश आहे, तो नाकारू नये. लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम-आयन जातीची बॅटरी. १९९१ साली ती प्रथम बाजारात आली व तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीचे दोन शत्रू आहेत: उष्णता, आणि दीर्घकाळ पूर्ण भरलेल्या स्थितीत राहणे. दोन्ही एकत्र आल्यास तिची क्षमता लवकर घटते. यावर उपाय बॅटरी काढणे हा नव्हे. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती वापरावी. लॅपटॉप उशीवर, सतरंजीवर वा उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नये. खालच्या बाजूच्या झरोक्यांतील धूळ मऊ ब्रशाने झाडावी. खडूच्या भुकटीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे निराळे सांगावयास नकोच.

कपाटातील बॅटरीचेही कुशल नसते. ती पूर्ण भरून ठेवली तर पडल्या पडल्या झिजते. रिकामी ठेवली तर काही महिन्यांत तिचा दाब इतका उतरतो की संरक्षक मंडल तिला पुन्हा चार्ज होऊ देत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोखंडी कपाट किती तापते, हे आपण जाणताच. ठेवावयाचीच असेल तर ती सुमारे निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाहावी.

बॅटरी बसविलेली असण्याचा आणखी एक लाभ आहे. काही यंत्रांत कामाचा भार एकाएकी वाढला की अडॅप्टरची शक्ती अपुरी पडते व उणीव बॅटरी भरून काढते. अ‍ॅपल कंपनीच्या जुन्या मॅकबुकमध्ये बॅटरी काढली की प्रोसेसरचा वेग आपोआप कमी केला जात असे, तो याच कारणाने. घड्याळाची गोष्ट मात्र वेगळी. बहुतेक लॅपटॉपमध्ये त्यासाठी बटणाएवढा स्वतंत्र घट असतो. तो संपलेला असून मोठी बॅटरीही काढली, तर वीज जाताच तारीख मागे जाते आणि चुकीच्या तारखेमुळे शासकीय संकेतस्थळे उघडत नाहीत. दोष इंटरनेटला दिला जातो!

मग बॅटरी काढावी तरी केव्हा? ती फुगली असेल तेव्हा तत्काळ. स्पर्शपट्टी वर उचलली जाणे, झाकण नीट न बसणे, तळ टेबलावर डगमगणे ही त्याची चिन्हे. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये व मुलांच्या हाती लागू देऊ नये. अलीकडील लॅपटॉपमध्ये बॅटरी आत स्क्रूने बसविलेली असते. तेथे यंत्र बंद करून, प्लग काढून दुरुस्तीगाराकडे न्यावे. स्वतः उघडण्याचे धाडस करू नये. निकामी बॅटरी कचऱ्यात टाकणे वा जाळणे धोक्याचे आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. सबब विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलकाकडे ती द्यावी.

जुन्या यंत्राला नवी बॅटरी मिळतच नसेल, तर बॅटरीविना काम करणे भाग पडते. अशा वेळी मधे यूपीएस ठेवावा. शाळेत इन्व्हर्टर असल्यास व त्यावर 'यूपीएस' असे स्थान असल्यास तेच निवडावे. साध्या स्थानावर वीज बदलण्यास अधिक वेळ लागतो व तेवढ्यात लॅपटॉप बंद पडू शकतो. दर पाच-दहा मिनिटांनी काम जतन करावे आणि दिवसाअखेर त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. आमच्या त्या ३० एप्रिलला अशी प्रत असती, तर रात्र जागावी लागली नसती.

सातवीच्या वर्गात यावरून एक चांगले उदाहरण घालता येते. बॅटरीवर तिची क्षमता वॅट-तासांत छापलेली असते. समजा ती ४८ आहे आणि लॅपटॉप १२ वॅट वीज घेतो. तर ४८ भागिले १२, म्हणजे तो ४ तास चालेल. आता मुलांसमक्ष बॅटरी पूर्ण भरावी, काम जतन करून प्लग काढावा आणि वेळ फळ्यावर लिहावी. तीच कामे चालू ठेवून अर्धी बॅटरी संपण्यास १ तास लागला, तर पूर्ण बॅटरी २ तास पुरेल. अर्थात तिची आजची क्षमता २४ वॅट-तास, म्हणजे मूळच्या ५० टक्के उरली आहे. हा आकडा दिनांकासह जडवस्तुसंग्रह नोंदवहीत लॅपटॉपच्या नोंदीपुढे लिहून ठेवावा व पुढील सत्रात हाच प्रयोग पुन्हा करावा.