ब्लॉकपासून पद्धती

रुबी ही संगणकभाषा जपानमध्ये युकिहिरो मात्सुमोतो यांनी निर्माण केली. १९९५ साली ती लोकांपुढे आली. या भाषेत प्रत्येक वस्तू कोणत्या तरी वर्गाची असते, आणि वस्तूने करावयाच्या कामास पद्धती म्हणतात. पद्धती सामान्यतः 'डेफ' या शब्दाने लिहितात. परंतु 'डेफ'च्या आत बाहेरील स्थानिक चल दिसत नाहीत.

समजा, 'गुणपत्रिका' हा वर्ग आहे आणि गणित, भूगोल व इतिहास यांचे गुण सांगणाऱ्या तीन पद्धती हव्या आहेत. तोच मजकूर तीनदा लिहिण्याचे कारण नाही. विषयांच्या यादीवरून फेरा चालवावा व दर खेपेस 'डिफाइन_मेथड' या आज्ञेस विषयाचे नाव आणि एक ब्लॉक, म्हणजे आज्ञांचा सुटा गट, द्यावा. आज्ञावली चालू असतानाच पद्धती तयार होतात. ब्लॉक जेथे लिहिला गेला तेथील चल तो बरोबर बाळगतो. 'सेल्फ' मात्र बदलते. ज्या गुणपत्रिकेला विचारणा होते, तीच त्या वेळी 'सेल्फ' होय.

ब्लॉक प्रत्यक्ष चलच धरून ठेवतो, त्याचे त्या क्षणीचे मूल्य नव्हे. येथेच नवशिके फसतात. 'ईच'ने फेरा चालविल्यास प्रत्येक खेपेस नवा चल मिळतो. 'फॉर'ने चालविल्यास तिन्ही खेपांना एकच चल असतो व अखेरीस त्यात 'इतिहास' उरतो. पद्धतींची नावे जागच्या जागी ठरल्यामुळे ती बिनचूक असतात. परंतु गणिताचे गुण विचारले तरी इतिहासाचेच मिळतात, आणि संगणक दोष दाखवीत नाही.