ताई, हा सार्कॉइडचा चार्ट कसा करू?

सार्कॉइडोसिसचा चार्ट आला की पोटात गोळा येतो, म्हणालीस. येणारच गं. नवी नोकरी, अमेरिकेच्या वेळेची रात्रपाळी, तासाला इतके चार्ट झालेच पाहिजेत हा धोशा, आणि त्यात कॉलेजात जेमतेम नाव ऐकलेला आजार. पण खरं सांगू का, हा आजार डॉक्टरांना ओळखायला अवघड असतो. आपलं काम त्या मानाने सोपं आहे. कोड मोजके आहेत, नियम स्पष्ट आहेत.

पहिला प्रश्न, शोधायचा कुठे? फुफ्फुसाचा आजार म्हणून तू 'जे'च्या चॅप्टरमध्ये चाळत बसशील आणि हैराण होशील. सार्कॉइडोसिसमध्ये प्रतिकारशक्तीच्या गडबडीमुळे अवयवांत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या बारीक गाठी होतात. म्हणून आयसीडी-१०-सीएममध्ये तो रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या चॅप्टरमध्ये बसतो, डी८६ खाली. नुसतं फुफ्फुस असेल तर डी८६.०, नुसत्या लिम्फ नोड्स असतील तर डी८६.१, दोन्ही असतील तर डी८६.२. इथे बघ, शून्य आणि एक असे दोन कोड शेजारी शेजारी लावायचे नाहीत, दोघांचा मिळून दोन आहे. त्वचेला डी८६.३, हृदयाच्या स्नायूला डी८६.८५, सांध्यांना डी८६.८६. डी८६.९ म्हणजे जागा सांगितलेलीच नाही. नोटमध्ये जागा लिहिलेली असताना तो लावणं म्हणजे डब्यावर नुसतं 'डाळ' लिहून ठेवणं. तूर आहे की मूग, ते कोणाला कळणार?

आता सगळे जिथे अडखळतात ते. समज, ओपीडीची नोट आहे. चाळिशीची बाई, तीन महिने कोरडा खोकला. शेवटी डॉक्टर लिहितात, 'क्रॉनिक खोकला, हायलर लिम्फॅडेनोपॅथी, सस्पेक्टेड सार्कॉइडोसिस, बायोप्सी करू.' तुझा हात लगेच डी८६कडे जाईल. थांब. ओपीडीत 'सस्पेक्टेड', 'प्रोबेबल', 'रूल आउट' असं लिहिलेलं निदान कोड करायचंच नाही. जे नक्की आहे तेवढंच घे: खोकल्याला आर०५.३, सुजलेल्या नोड्सना आर५९.०. हीच बाई हॉस्पिटलात दाखल असती आणि डिस्चार्जच्या वेळीही निदान 'प्रोबेबल'च राहिलं असतं, तर हॉस्पिटलच्या इनपेशंट कोडिंगमध्ये ते पक्कं असल्यासारखं घेतलं असतं. म्हणून चार्ट उघडलास की आधी एन्काउंटर कोणता ते बघ, मग बाकीचं.

आणि हे नुसतं ऑडिटच्या मार्कांसाठी नाही गं. खात्री नसलेला आजार एकदा कोड झाला की त्या बाईच्या रेकॉर्डला आणि विम्याच्या कागदांना चिकटतो. उद्या बायोप्सीत टीबी किंवा लिम्फोमा निघाला तर ते निस्तरायचं कोणी?

पुढच्या व्हिजिटला रिपोर्ट येतो: नॉन-नेक्रोटायझिंग ग्रॅन्युलोमा, एएफबी निगेटिव्ह. तू बीएचएमएस झालेली, तुला लगेच अंदाज येईल. तो अंदाज मनातच ठेव. ग्रॅन्युलोमा इतर आजारांतही होतात, निदान डॉक्टरांनी लिहायचं असतं. त्यांनी 'पल्मनरी सार्कॉइडोसिस, मेडियास्टिनल नोड्ससहित' असं लिहिलं की बिनधास्त डी८६.२ लाव. मग खोकला वेगळा घ्यायचा नाही, तो त्याच आजाराचं लक्षण आहे. आणि नुसतं 'स्टेज टू सार्कॉइड' लिहिलं असेल तर? एक्स-रेच्या स्कॅडिंग पद्धतीत दुसरी स्टेज म्हणजे नोड्स आणि फुफ्फुस दोन्ही, हे तू वाचलेलं असशील. पण स्टेजला कोड नसतो, आणि आपण अर्थ लावून कोड देत नाही. तिथे क्वेरी टाकायची.

डॉक्टर चिडतील म्हणून क्वेरी टाळू नकोस. नीट विचारलं की बहुतेक जण नीट उत्तर देतात. नोटमध्ये काय आहे ते आधी मांड आणि मग विचार, 'आजार कोणकोणत्या अवयवांत आहे, ते कृपया स्पष्ट करावं.' 'दोन्हीकडे आहे असं लिहाल का?' असं उत्तर सुचवणारं कधीच विचारायचं नाही.

क्वेरीची आणखी एक हक्काची जागा म्हणजे 'हिस्टरी ऑफ सार्कॉइडोसिस'. डॉक्टर सहज लिहून जातात आणि खाली औषधांच्या यादीत प्रेडनिसोन रोज चालूच असतं. आपल्या नियमात हिस्टरी म्हणजे आजार गेला, उपचार संपले. मग ही गोळी कशासाठी? विचार. आजार अजून आहे असं उत्तर आलं तर डी८६च्या सोबत स्टेरॉइड दीर्घकाळ चालू असल्याचा झेड७९.५२ घ्यायला विसरू नकोस. स्टेरॉइडमुळे साखर वाढली असं तुला वाटलं, तरी तो संबंधही डॉक्टरांनीच लिहिलेला हवा.

आणि बघ, इंडेक्समधून कोड उचलून पुढे पळू नकोस. टॅब्युलर उघडून त्याखालच्या सूचना वाच. कोणाच्या जुन्या वहीतली यादीही वापरू नकोस, कारण दर १ ऑक्टोबरला नवे कोड लागू होतात. २०२१ मध्ये खोकल्याच्या एकट्या आर०५चे सहा कोड झाले, हे तुझ्या टीममध्येच विचारून बघ, सगळ्यांना आठवत असेल.

वेग येतो गं, सगळ्यांना येतो. तोवर आज दोन चार्ट कमी झाले तर होऊ देत, पण नोटमध्ये नाही ते कोडमध्ये घालू नकोस आणि नोटमध्ये आहे ते सोडू नकोस. एवढं तुला नक्की जमेल. आणि ब्रेक झाला की आधी डबा खाऊन घे, क्वेरीचं उत्तर काही लगेच येत नाही.